शीतयुद्धाची सावली, वारल्याचे लग्न आणि आपली समीक्षा

शीतयुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्लिनची भिंत येते, क्युबातली क्षेपणास्त्रे येतात, कोरिया आणि व्हिएतनाम येतात. तलासरी तालुक्यातले उधवा हे गाव मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेले हे वारल्यांचे गाव दादरा-नगरहवेलीच्या सीमेवर आहे. पलीकडे खानवेल, अलीकडे उधवा. मध्ये जी रेघ होती ती १९५४ पर्यंत दोन देशांची होती. तिच्या दोन्ही बाजूंना वारलीच राहत होते, एकमेकांत सोयरीक करत होते.

जुलै १९५४ मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतले. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण सिल्व्हासात शिरले. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे ही नावे मराठी वाचकाला या मोहिमेमुळेही ठाऊक आहेत. याच दिवसांत तलासरीकडून कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते आणि त्यांच्यामागे वारली हवेलीत उतरले. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्ट १९५४ रोजी उधव्याला शरण आला. एका वसाहतीचा शेवट आपल्या जिल्ह्यातल्या एका आदिवासी गावात झाला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

पोर्तुगाल हा १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता. त्यामुळे उधव्याला खाली ठेवलेल्या बंदुकांचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत गेला. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त निवेदनात या प्रदेशांना ‘पोर्तुगीज प्रांत’ म्हटले. नेमक्या त्याच हंगामात ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतभर फिरत होते आणि गोव्याच्या प्रश्नावर भारताची बाजू घेत होते. दादरा-नगरहवेलीचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने पोर्तुगालला नागरी ये-जा करण्याचा हक्क मान्य केला, सशस्त्र दले नेण्याचा मात्र नाकारला. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यावरून सुरक्षा समितीत पाश्चात्त्य राष्ट्रांनी मांडलेला ठराव सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. तेव्हा विरोधात मत देणाऱ्यांत रशियाबरोबर संयुक्त अरब प्रजासत्ताक, सिलोन आणि लायबेरिया हेही होते. म्हणजे प्रश्न केवळ लाल आणि निळ्या छावणीचा नव्हता. पण जगाने तो तसाच वाचला.

आपल्या साहित्यानेही तो तसाच वाचला का, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे.

दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीवर मराठीत जे लिहिले गेले त्यात पुण्या-मुंबईच्या तरुणांचे साहस ठसठशीत येते. पावसातली वाटचाल, जुनी हत्यारे, ध्वजारोहण हे सारे त्यात आहे आणि ते खरेही आहे. वारली मात्र त्यात वाटाड्या असतो, नाहीतर एक धास्ती असतो. कम्युनिस्ट आपल्याआधी सिल्व्हासाला पोहोचतात की काय, ही चिंता या घटनेच्या अनेक वृत्तांतांत डोकावते. डाव्या पत्रकांतला वारली याच्या उलट. तो सदैव जागृत, सदैव मूठ आवळलेला. त्याच्या घरात उद्या काय शिजणार, हे ना इकडच्या लेखनात आहे ना तिकडच्या.

याला मोठा अपवाद म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते १९७० साली आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते मौज प्रकाशन गृहाने काढले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मौज म्हणजे नवसाहित्याचे घर, कलावादाचा बालेकिल्ला, अशी आपली समजूत. त्या घराने एका कम्युनिस्ट बाईचे लढ्याचे पुस्तक छापले. आपल्या समीक्षेने ‘कलावादी’ आणि ‘प्रचारकी’ अशा दोन कोठड्या पाडल्या होत्या, तेव्हा प्रकाशकाला त्या दिसत नव्हत्या किंवा दिसूनही त्याने त्या मानल्या नाहीत.

पुस्तकाची हकीकत थोडक्यात अशी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले आणि बोलले. मे महिन्यात झरी गावी हजारो वारल्यांची परिषद झाली. जमीनदाराकडे फुकट राबायचे नाही, बारा आणे रोख मजुरीशिवाय काम करायचे नाही, असे तिथे ठरले. त्यानंतर काही आठवड्यांत वेठ मोडली. लग्नगडी सुटले. गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे, बाईंनी बोलावले आहे असा खोटा निरोप पसरून जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढे हद्दपारी, जंगलतोडीच्या मजुरीचा संप, पुन्हा गोळीबार. काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तरी पोलिसांचा रोख बदलला नाही.

या पुस्तकाचे मोल लढ्याच्या तपशिलात नाही असे मी म्हणणार नाही. पण तो तपशील किसान सभेच्या अहवालातही मिळाला असता. अहवालात मिळाला नसता तो बाईंचा संकोच. पुण्याच्या गोखले घराण्यातली, कायदा शिकलेली, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत काम केलेली ही स्त्री वारल्यांच्या पाड्यात जाते तेव्हा लोक तिला घाबरून आत जातात. पांढरपेशा माणूस म्हणजे जमीनदाराचा, जंगलखात्याचा, नाहीतर पोलिसांचा, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. विश्वास बसायला जो काळ लागतो तो बाई घाईने ओलांडत नाहीत. पुस्तकाच्या पूर्वार्धातली भाषा त्यामुळेच साधी आणि कानाला लागलेली आहे. खावटी, वेठ, कूळ, खंड हे शब्द तिथे परिभाषा म्हणून येत नाहीत. ते अंगावर उमटलेल्या वळासारखे येतात.

या वार्षिकाच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट टिपावी. त्या पट्ट्यातले जमीनदार, सावकार आणि जंगलचे ठेकेदार ब्राह्मण होते, वाणी होते, पारशी आणि इराणी होते, मुसलमानही होते. बाई कोणालाच धर्मावरून वगळत नाहीत आणि धर्मावरून पकडतही नाहीत. आपल्याकडे मुस्लिम माणसाचे चित्रण साहित्यात झाले नाही, झाले ते विकृत झाले, अशी तक्रार आपण अनेक संमेलनांतून केली आहे आणि ती रास्त आहे. परंतु इथे मुस्लिम जमीनदार हा फक्त जमीनदार आहे. त्याला मुसलमान म्हणून वेगळी शिक्षा नाही आणि वेगळी सूटही नाही. असे चित्रण आपल्याला चालते का, हे आपण स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही.

उत्तरार्धात मात्र पुस्तकाचा सूर बदलतो. ठराव, दर, खटले, हद्दपारीचे हुकूम यांची गर्दी होते. पाड्यातला माणूस मागे सरकतो आणि ‘वारली’ हे एकवचन पुढे येते. वारली ठरवतो, वारली लढतो, वारली मागे हटत नाही. पूर्वार्धात ज्यांच्या कुडाच्या घरात आपण बसलो होतो ते सगळे या एकवचनात मावतात कसे? मला हा दोष कलेचा वाटत नाही, तो काळाचा वाटतो. १९४५ मधल्या अनुभवावर मध्ये पंचवीस वर्षांचा पक्षाचा इतिहास साचला होता. पक्ष १९६४ मध्ये फुटला होता. शामराव परुळेकर १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले होते आणि १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच वारले. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा बाईंचा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मॉस्कोच्या मर्जीतला राहिलेला नव्हता. म्हणून या पुस्तकाला ‘मॉस्कोचा आवाज’ म्हणणे ही टीका तर नव्हेच, साधी माहितीची चूक आहे.

आता लग्नगडी या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते सारे प्रकरण या एका शब्दात आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचे. ते फिटत नसत. नवरा राबे, पुष्कळदा बायकोही राबे. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई सरकारला १९३९ मध्ये दिलेल्या अहवालात ही पद्धत नोंदवली आहे. ही गुलामी होती, हे सांगायला तेव्हा कम्युनिस्ट असण्याची गरज नव्हती. सरकारी कागदातच ते लिहिले होते. बाईंनी ते माणसांच्या तोंडून ऐकले आणि मराठीत आणले.

परंतु वारल्याचे लग्न म्हणजे केवळ कर्ज नव्हे. त्याच लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. त्यात पालघट देवी बसते, तिच्याभोवती झाडे, जनावरे, तारप्याभोवती नाचणारी माणसे येतात. सवाशिणी तो लिहितात आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. ब्राह्मण लागत नाही. हा चौक बाईंच्या नजरेच्या कडेला राहिला आहे. त्यांचा सगळा भर कर्जावर आहे आणि १९४५ साली तो तिथेच असायला हवा होता. भुकेल्या माणसाच्या भिंतीवरचे चित्र पाहत बसणे त्यांना चैन वाटले असणार.

चित्र पाहिले ते दुसऱ्यांनी. सत्तरच्या दशकात चौक भिंतीवरून कागदावर आला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असून तो हातात घेतला आणि पार वेगळ्या उंचीवर नेला. १९८९ साली पॅरिसमध्ये ‘जगाचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाचे जे प्रचंड प्रदर्शन भरले त्यात त्यांची चित्रे होती. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आता वारली चित्र कपावर आहे, उशीच्या अभ्र्यावर आहे, विमानतळाच्या भिंतीवर आहे. बाजाराला चौक दिसला. बाजाराच्या कोणत्याही पत्रिकेत लग्नगडी हा शब्द दिसत नाही.

एकच लग्न. एका विचारसरणीला त्यातले कर्ज दिसले, दुसरीला चौक. दोघींनी जे पाहिले ते खोटे नव्हते. पण ज्या बाईने रात्रभर जागून चौक लिहिला आणि सकाळी सावकाराच्या अंगणात शेण काढायला गेली, ती दोघींच्याही पुस्तकात पूर्ण उभी राहत नाही.

आपल्या समीक्षेची मोजमापे याच काळात घडली. पहिली मोजपट्टी ठाणे जिल्ह्यातच तयार झाली, हा योगायोग नव्हे. मे १९४९ मध्ये भिवंडीला अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाची परिषद भरली. तिथे नवा जाहीरनामा आला. १९३६ च्या जाहीरनाम्यात जी मोकळीक होती ती आवळली गेली. लेखक एक तर जनतेच्या बाजूचा, नाहीतर प्रतिगामी, मधली जागा उरली नाही. त्याच वर्षी सीमेपलीकडे लाहोरला मंटोसारख्या लेखकावर बहिष्कार टाकण्यात आला. भिवंडी हे मागवाल्या विणकरांचे, उर्दू बोलणाऱ्यांचे गाव. तिथून वारल्यांचे पाडे काही तासांच्या अंतरावर. परंतु परिषदेतल्या उर्दू लेखकाला वारली माहीत होता तो बातमीतून, आणि वारल्याला ती परिषद माहीतच नव्हती.

दुसरी मोजपट्टी मुंबईची. मार्च १९५१ मध्ये तिथे सांस्कृतिक स्वातंत्र्याची परिषद झाली. पुढे ‘क्वेस्ट’ नियतकालिक निघाले, १९५५ मध्ये, निस्सीम इझिकेल यांच्या संपादनाखाली. लेखकाचे स्वातंत्र्य हे त्यांचे ब्रीद होते आणि स्टालिनच्या काळात ते उच्चारणे गरजेचेही होते. मग १९६६-६७ मध्ये उघड झाले की या चळवळीच्या जागतिक संघटनेला पैसा अमेरिकेच्या गुप्तचर खात्याकडून येत होता. अनेक प्रामाणिक माणसांना याचा पत्ताही नव्हता. तरी संशयाचा डाग राहिलाच. एकीकडे मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त देखणी पुस्तके, दुसरीकडे अमेरिकन माहिती खात्याच्या मदतीने निघालेली भाषांतरे. मराठी वाचकाने दोन्ही घेतली आणि फायदाच करून घेतला. वाचक समीक्षकापेक्षा शहाणा निघाला, असे मला कधीकधी वाटते.

या दोन पट्ट्यांत आपले दोन लेखक सापडले. एक शाहीर अमर शेख. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात ते गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. १९६९ मध्ये अपघाताने ते गेले. त्यांच्याबद्दल बोलताना सगळे आवाजाबद्दल बोलतात. पहाडी आवाज, बुलंद आवाज. कवितेबद्दल क्वचित कोणी बोलतो. कम्युनिस्ट म्हणून कलावाद्यांनी त्यांना शाहिरीच्या खान्यात टाकले आणि पक्षाला तर सभेसाठी आवाजच हवा होता. अण्णा भाऊंच्या १९४३ च्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याचेही तेच झाले. व्होल्गेकाठचे शहर त्यांनी मराठी पोवाड्यात असे आणले की ते एखाद्या गडासारखे ऐकू येते. ही वाङ्मयीन करामत आहे. तिचा विचार रशियाचे गुणगान एवढ्यावर संपवला गेला.

दुसरे हमीद दलवाई. ‘लाट’ मधल्या कथा १९६१ च्या आणि ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची. मराठीत मुस्लिम घर आतून इतक्या स्पष्टपणे त्याआधी आलेले नव्हते. दलवाई राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले समाजवादी. त्यांचे सहकारी अ. भि. शहा यांचा सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या भारतीय समितीशी संबंध होता. एवढ्यावरून दलवाईंना दुसऱ्या छावणीत मोजण्याचा मोह काहींना झाला. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाल्यावर तर त्यांची कादंबरी बाजूलाच पडली. त्यांचे समर्थक त्यांना सुधारक म्हणून वाचतात आणि विरोधक त्यांना सुधारक म्हणूनच टाळतात. ‘इंधन’ मधले कोकणातले गाव, तिथली जुनी माणसे आणि पेटत जाणारा तणाव यांची रचना कशी आहे, हे पाहायला फारसे कोणी थांबत नाही. दलवाईंच्या मतांशी माझे अनेक ठिकाणी जुळत नाही. पण ‘इंधन’ मी मतासाठी वाचत नाही.

अमर शेख आणि दलवाई यांना एका ओळीत ठेवणे काहींना रुचणार नाही. मलाही ते फार सोयीचे नाही. एकाला वर्ग दिसत होता, दुसऱ्याला आपल्याच समाजातली रूढी. पण दोघांच्या वाट्याला जे वाचन आले ते एकाच जातीचे होते. हा कोणाच्या बाजूचा, असे आधी विचारायचे आणि मग पुस्तक उघडायचे. मुस्लिम लेखकाला हा प्रश्न जरा जास्तच वेळा विचारला जातो. शीतयुद्ध १९९१ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर आटोपले, प्रश्नातली दोन नावे बदलली, प्रश्न विचारण्याची सवय तशीच आहे.

उधव्याचेही तसेच. १९६० साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा उंबरगावचा किनारा गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. हवेली ११ ऑगस्ट १९६१ पासून भारतात आली, फिदाल्गोच्या शरणागतीला बरोबर सात वर्षे झाली त्या तारखेला, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवबरोबर एक केंद्रशासित प्रदेश झाली. ज्या लोकांनी झरीला एकत्र शपथ घेतली त्यांची नातवंडे आता वेगवेगळ्या कारभारांखाली राहतात. डहाणू मतदारसंघाने २०१९ आणि २०२४ मध्येही लाल बावट्याचाच आमदार निवडला. मुंबईच्या वर्तमानपत्रांना याचे दर वेळी आश्चर्य वाटते. ज्यांनी बाईंचे पुस्तक वाचले आहे त्यांना ते वाटू नये. तिथे लाल बावटा हा मॉस्कोचा कधीच नव्हता. वेठ ज्या दिवशी मोडली त्या दिवसाचा तो आहे.

बाईंच्या पुस्तकाचे इंग्रजी रूप १९७५ मध्ये कलकत्त्याहून निघाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘आदिवासी बंड करतात’ असा होतो. मराठी शीर्षकात आदिवासी हा शब्द नाही, बंडही नाही. तिथे माणूस आहे आणि जागे होणे आहे. पुस्तक ज्या भाषेत जगापुढे जायचे होते त्या भाषेतल्या वाचकाला आदिवासी हवा होता आणि बंड हवे होते, मग तो वाचक कोणत्याही छावणीतला असो. झरीच्या परिषदेला आलेल्या माणसाने स्वतःला काय म्हटले असते, ते मराठी शीर्षकात आहे.